हाडातलं माहेर

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला गेला की मला शिंका सुरू होतात. जन्म चिखलीचा आणि ॲलर्जी कापसाच्या धुळीची, घ्या! महिन्यातून एकदा मी शहरातलं आमचं रुग्णालय सोडून चिखलीला पेशंट तपासायला येते, तेव्हा या दिवसांत गाव दिसायच्या आधी नाकालाच कळतं. कापसानं फुगलेल्या गाड्या मार्केटकडे निघालेल्या असतात आणि त्यांचा कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिलेला असतो. ड्रायव्हर लगबगीनं काच वर करतो. मी ती पुन्हा खाली करते. शिंकेन, पण बघेन.

बघायचं असतं ते वावर. कपाशीच्या पऱ्हाट्या वाळायला लागलेल्या, मधल्या ओळींत तुरीला पिवळा फुलोरा, आणि कमरेला फडकी बांधून वेचणाऱ्या बाया. लांबून फार देखणं दिसतं. जवळ गेलं की बोंडांची वाळलेली टोकं नखांत घुसतात. लहानपणी मामाच्या वावरात मी एक दिवस वेचणीला गेले आणि संध्याकाळी आईला बोटं दाखवून रडले. आई म्हणाली, "म शिक ना व! कोन नाही म्हनते?" तिनं चिडूनच म्हटलं होतं, पण मी ते मनावर घेतलं, आणि घेतलं ते सोडलं नाही.

आता मात्र हा मोसम आला की मामाचं वावर फारसं आठवत नाही. आठवतं आमच्या वॉर्डाचं काचेचं दार आणि त्याच्या आत बसलेला जानेफळचा पुंडलिक.

मी रक्ताच्या कर्करोगाची डॉक्टर. या शाखेत कशी आले, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, रागानं आले. शिकत होते तेव्हा असा पेशंट आला की आमचे वरिष्ठ नातेवाइकांना हळू आवाजात सांगायचे, घरी घेऊन जा. जळगाव जामोदकडून आलेली एक म्हातारी आपल्या नातीला घेऊन तशीच परत गेली. पोरीला ताप होता आणि म्हातारी तिला सांगत होती, "चाल बाई, डॉक्टरनं सुट्टी देल्ली." त्या पोरीला वाटलं, आपण बरे झालो. ती हसत गेली. त्या वेळी आमच्याकडे खरंच काही उपाय नव्हता, वरिष्ठांचा दोष नव्हता. पण माझं डोकं असं फिरलं की आजवर जागेवर आलेलं नाही.

मग वर्षानुवर्षं प्रयोगशाळा. परदेशातली, इथली. उंदीर, काचपट्ट्या, उणे तापमानाचे डबे. माझं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नामागं गेलं. निरोगी माणसाच्या हाडातला मगज, म्हणजे त्यातल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, आपण आजारी माणसाच्या हाताच्या किंवा मानेच्या शिरेतून सोडतो. साध्या सलाइनसारख्या. त्या हृदयातून फिरतात, फुप्फुसातून जातात, सगळं अंग हिंडतात, आणि नेमक्या हाडांत जाऊन बसतात. कुणी वाट दाखवत नाही. त्यांना घर कसं सापडतं? थोडं कळलंय. पुष्कळ कळायचं बाकी आहे. पुण्याच्या वसतिगृहात माझ्या "मले-तुले"ला खिदळणाऱ्या एका मैत्रिणीनं पुढं मोठेपणी विचारलं, "इतकी वर्षं एकच प्रश्न? कंटाळा नाही येत?" मी म्हटलं, "तुला नवऱ्याचा येतो का?"

तर पुंडलिक. चाळिशीचा गडी, खांद्यानं भरदार, बोलायला मिश्कील. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला दुसऱ्यांदा आमच्याकडे भरती झाला. औषधांनी त्याचा आजार दबला होता, पण दबलेला आजार किती दिवस दबून राहतो ते मला चांगलं ठाऊक होतं. तो उसळी मारायच्या आत त्याचा मगज बदलायला हवा होता. नाहीतर वर्षही निघणार नव्हतं. हे मी त्याला, त्याच्या बायकोला, मंगलाला, आणि त्याच्या वडिलांना समोर बसवून सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

वडील म्हणजे आत्मारामबुवा. पांढरं धोतर, पांढरी टोपी, जानेफळातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. त्यांनी तिथल्या तिथं सदऱ्याची बाही वर केली. "माहं घ्या. त्याचा अन् माहा रक्ताचा गट एकच हाय." मला गहिवरून आलं, पण सांगावं लागलं की इथं रक्ताचा गट जुळून भागत नाही, जुळणी निराळी असते, आणि त्यांच्या वयात, त्यांच्या हृदयाच्या दुखण्यात त्यांच्याकडून घेणं धोक्याचं होतं. तपासणी झाली ती पुंडलिकाच्या एकुलत्या बहिणीची, सुनीताची. जळगाव जामोदला दिलेली. तिची जुळणी इतकी चोख निघाली की मी आमच्या प्रयोगशाळेतून जवळजवळ पळतच वॉर्डात आले.

"बुवा, लॉटरी लागली! सुनीताचं पूर्ण जुळलं."

आत्मारामबुवा खुश होतील म्हणून मी बघत राहिले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "नाही जमत."

"काय नाही जमत?"

"लेकीचं नाही घेत आमी."

मला वाटलं, कमरेच्या हाडातून मगज काढला तर कंबर जाईल, पोरगी अपंग होईल अशी भीती असेल. ती सगळ्यांनाच असते. मी समजवायला लागले, की आता हाड टोचायचीही गरज पडत नाही, काही दिवस इंजेक्शनं घ्यायची, मग हाताच्या शिरेतून मशिनवर पेशी वेगळ्या काढायच्या, रक्तदानाला बसल्यासारखं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. भीती नव्हतीच. गोष्ट साधी होती. आमच्याकडची जुनी माणसं दिलेल्या लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. तिला मूलबाळ झालं की बहुतेकजण सैल होतात, चहा घेतात, जेवतात. आत्मारामबुवा सैल झालेच नव्हते. जळगाव जामोदला गेले तर शेजारच्या घरी पाणी प्यायचे. आणि इथं तर लेकीच्या अंगातलं घ्यायचं होतं.

"बुवा, पोरगा जाईल तुमचा," मी म्हटलं.

"मले काय समजत नाही काय, मॅडम?" त्यांचा आवाज फुटला. "पन देल्ली ना तिले. देल्लेल्या लेकीकडून वाटीभर पीठ नाही घेतलं आजवर, अन् आता तिच्या हाडातलं घेऊ?"

मी पुंडलिकाकडे वळले. कायद्यानं वडिलांचा होकार लागतच नाही, तो जाणता माणूस होता. तो काचेआडून म्हणाला, "बाबा हो म्हनतीन त हो. मले बाबाले खाली पाहाले लावून नाही जगाचं." मी दात-ओठ खात केबिनमध्ये आले. जगभरच्या परिषदांत मी शहाण्या माणसांशी भांडले आहे. पण हा नकार देणारा माणूस दुष्ट नव्हता, अडाणी नव्हता, लेकीवर आणि लेकावर सारखाच जीव टाकणारा होता. अशा माणसाशी कसं भांडायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

सुनीताला फोन केला तो मंगलानं. दुसऱ्या दिवशी ती आली. एस.टी.च्या धुळीनं माखलेली, हातात पिशवी, बोटांना बोंडांचे ओरखडे. त्यांच्याकडे पहिली वेचणी सुरू झाली होती आणि ती अर्धी ओळ टाकून निघाली होती. सासूनं कुरकुर केली होती म्हणे. "म्या म्हनलं, मामीजी, कापूस चार दिवस झाडाले राह्यला त मरत नाही." बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "कुठी हायेत बाबा?"

ते माझ्या केबिनमध्ये आले. बापलेक समोरासमोर बसले. दोघांच्याही कपाळाला तीच आठी. मी मध्ये बसले आणि पहिल्यांदाच ठरवलं की आता समजवायचं नाही, फक्त आहे ते सांगायचं.

"बुवा, ही जुळणी म्हणजे काय ते ऐका. प्रत्येक लेकराला निम्मं आईचं येतं, निम्मं बापाचं. पण आईकडचं कुठलं निम्मं, बापाकडचं कुठलं, हा नशिबाचा खेळ. सख्ख्या भावंडांतही चारात एकाचं जुळतं. तुमच्या या दोघांनी तुम्हां दोघांकडून नेमकं तेच उचललंय."

बुवा टेबलाकडे बघत होते. "म्हंजे तिच्यात जे हाय ते तिच्या सासरचं नाही?"

"सासरचं कसं असेल? जन्माच्या आधीचं आहे. निम्मं तुमचं, निम्मं तिच्या आईचं."

"तिच्या मायचं?"

सुनीताची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला ते माहीत होतं, पण मी बोलले तेव्हा ते माझ्या ध्यानात नव्हतं. बुवांनी मान वर केली आणि लेकीकडे असं बघितलं की मीच नजर दुसरीकडे वळवली. सुनीता म्हणाली, "बाबा, लग्नात तुमी जे देल्लं ते सासरी हाय. भांडे हायेत, पलंग हाय. त्यातलं काही नाही आनलं म्या. हे माहेरचंच हाय. मी देऊन नाही राह्यली, वापस आनून राह्यली."

बुवांनी हातातल्या टोपीची घडी उलगडली. मग बुवा म्हणाले, "तिची माय असती त तिनं मले इचारलंच नसतं." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "करा मॅडम."

पुढचे दिवस मला तारखांनी आठवत नाहीत. आठवतात ते खिडकीबाहेरच्या उन्हानं आणि मंगलाच्या चेहऱ्यानं. सुनीताची इंजेक्शनं सुरू झाली, तिची हाडं ठणकायला लागली. "हाव, दुखते," ती म्हणायची, "पन कापूस वेचल्यावर कंबर दुखते ना, तेवढंच. बाऊ नका करू." मशिनवर बसली तेव्हा मात्र टक लावून त्या नळ्यांकडे बघत होती. शेवटी जी पिशवी निघाली ती एवढीशी, टोमॅटोच्या सारासारख्या रंगाची. "बस? एवढंसंच?" ती म्हणाली. तिला वाटलं, कमी पडलं. मी म्हटलं, "बाई, पुरून उरेल."

पुंडलिकाला त्याआधी जबर औषधं दिली होती, त्याचा जुना मगज पुरता मोडून काढण्यासाठी. इथं परतीची वाट नसते. नवा मगज रुजला नाही तर माणसाच्या अंगात रक्त करणारं काहीच उरत नाही. पिशवी लावली, थेंब थेंब उतरली, संपली. बघणाऱ्याला वाटावं की काहीच झालं नाही. मंगला तर म्हणाली, "झालं?" झालं कुठलं! आता वाट बघायची होती. रोज सकाळी रक्त तपासायचं आणि रोज पांढऱ्या पेशींच्या रकान्यात शून्य. आमची नर्स दाराबाहेर चपला काढून, हात धुऊन, तोंड झाकून आत जायची, तरी तिला वाटायचं आपल्याच हातून एखादा जंतू आत गेला तर. डोळ्यांत तेल घालून राहायचे दिवस होते. ताप चढला, तोंड सोलून निघालं, पुंडलिकाला थुंकीही गिळवेना. एके सकाळी मी राउंडला गेले तर कसाबसा म्हणाला, "मॅडम, वावरात पांढरं फुटलं असन. माह्या आंगात कवा फुटते?"

मी म्हटलं, "फुटेल." खात्री नव्हती. पण आवाजात आणली. बाहेर येऊन प्रयोगशाळेत गेले आणि माझ्या सगळ्या काचपट्ट्यांवर, सगळ्या शोधनिबंधांवर मनातल्या मनात चिडले. इतकी वर्षं घालवली, आणि या घडीला मी त्या पेशींना एवढंसुद्धा सांगू शकत नव्हते की बायांनो, लवकर पोचा.

सुनीता घरी गेलीच नाही. तिचं काम संपलं होतं, जायला मोकळी होती. "पांढरं वर आल्याबिगर मी जात नाही," म्हणून वॉर्डाबाहेरच्या ओसरीत बसून राहिली. तिचा नवरा फोनवर सांगायचा, मजूर मिळून नाही राह्यले, कापूस गळून राह्यला. ती म्हणायची, "गळू द्या." बुवा तिच्या शेजारी बसायचे. एकदा मी जाताना पाहिलं, ते हलक्या हातानं तिच्या बोटांवरच्या खपल्या बघत होते.

आणि मग एका सकाळी शून्य नव्हतं. अगदी बारीक आकडा होता, इतर कुणी हसलं असतं अशा आकड्याला. मी तो कागद पुंडलिकाच्या काचेवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी वाढला. तिसऱ्या दिवशी आणखी. जिवात जीव आला म्हणजे काय, ते मी त्या आठवड्यात मंगलाच्या तोंडावर पाहिलं. तिनं केस विंचरले होते.

पुढं पुंडलिकाच्या अंगावर लालसर पुरळ उठलं, तेव्हा बुवा काचेपाशी येऊन उभे राहिले. "घेऊ नये ते घेतलं, म्हनून उठलं," ते पुटपुटले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. "बुवा, सुनीताच्या पेशी नव्या घरात आल्यात. सगळं अनोळखी आहे, म्हणून भांडतायत. फार भांडल्या तर मी दटावीन, औषध आहे. पण थोडं भांडण मला हवंय. त्याच भांडणात उरलासुरला कॅन्सर मारला जातो." आतून पुंडलिक खाजवत ओरडला, "सुने, लहानपनीबी चिमटेच काढे ना तू!" आणि आत्मारामबुवा हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते.

मागच्याच आठवड्यात माझ्यासमोर एक बुजुर्ग बसले होते, दुसऱ्या तालुक्यातले, तीच पांढरी टोपी. मुलाला रक्ताचा कर्करोग, जुळणी मुलीशी. "नाही घेत आमी लेकीचं." मी आता वाद घालत नाही. मी जानेफळला फोन लावला आणि तो बुजुर्गांच्या हातात दिला. आत्मारामबुवांचा आवाज म्हातारपणानं कमी झालेला नाही, केबिनभर ऐकू आला. "अहो बुवा, लेकीचं कुठी हाय ते? आपलंच हाय, तिच्यापाशी ठेवलं होतं! माहं पोट्टं पाहाले या, वावरात हाय, कापसाच्या गाठोड्यावर बसून चहा पिऊन राह्यलं!" बुजुर्ग गेले ते सही करूनच. सगळेच असे जात नाहीत. काही जण लेकाला घेऊन निघून जातात, आणि त्या रात्री मला जेवण जात नाही. सगळेच पुंडलिकासारखे रुजतही नाहीत. म्हणून तर प्रयोगशाळेचा दिवा मी अजून चालू ठेवला आहे. निवृत्तीचं वय झालं, लोक विचारतात कधी थांबणार. मी म्हणते, त्या पेशींना वाट कशी कळते ते कळलं की.

पण मला सांगायचं आहे ते पुंडलिक घरी गेला त्या दिवसाचं.

सकाळी त्याला गाडीत बसवलं, तोंडाला मास्क, अंगावर शाल. सुनीताची जळगाव जामोदची गाडी निराळी होती. मंगलानं ओसरीत एक ताट आणलं. गहू, नारळ, खण, हळदकुंकू. माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरायची. वॉर्डात गहू-नारळ आणायला माझी सक्त मनाई होती, म्हणून ते सगळं त्यांनी गाडीत लपवून ठेवलं होतं. मी रागवायच्या तयारीत बाहेर आले. तेवढ्यात बुवांनी मंगलाच्या हातातून ताट घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"तुमी भरा."

मला आधी कळलंच नाही. "बुवा, माझं लग्न झालेलं नाही. ओटी सवाष्णी भरतात. मंगला आहे ना?"

"मले माहीत हाय कोन भरतात ते." ताट तसंच धरलेलं. "तिच्या मायनं भरली असती. ते आता नाही राह्यली. तिची माय तिच्यात हाय, हे तुमी मले दाखवलं. तुमीच भरा."

रीत सोडून पाण्याचा घोट न घेणारा तो माणूस, ओसरीत चार लोकांदेखत. सुनीतानं पदर पुढं केला. या हातांनी मी शेकडो हाडांतून मगज काढला आहे, पण ओटी कधी भरली नव्हती. नारळ आधी की गहू, तेही मला ठाऊक नव्हतं. मंगला कानाशी सांगत गेली, तसं मी करत गेले. कुंकू लावलं ते वाकडं लागलं. सुनीता म्हणाली, "राहू द्या, तसंच राहू द्या."

ती पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. मग बुवा मला म्हणाले, "अन् तुमीबी येत जा जानेफळले. वर्षातून एकदा तरी. माहेरी येतात तसं."

मी त्यांना काहीतरी खणखणीत उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. कुणी मला थांबवलं नाही. दोन्ही गाड्या गेल्या. आतून नर्सनं हाक मारली, पुंडलिकाची खोली धुऊन झाली होती आणि पुढचा पेशंट दारात उभा होता. मी डोळे पुसले, हात धुतले आणि आत गेले.